सोलापूरच्या माळावर निसर्गचित्र: रंग मातकट का होतो आणि इथे बघायचं काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नोकरी सांभाळून जलरंगात निसर्गचित्रं करता. फोटोवरून कोकण किंवा महाबळेश्वर रंगवलं की बऱ्यापैकी जमतं. पण सोलापूरच्या आसपास, हिप्परग्याला किंवा बार्शी रोडच्या कडेला कागद घेऊन बसलात की अख्खं चित्र एकाच मातकट रंगाचं होतं, वॉश (पाणीदार रंगाचा सलग पसरलेला हात) पसरायच्या आत वाळतो, आणि घरी येताना वाटतं की या भागात रंगवण्यासारखं काही नाहीच. पुढे तुम्ही विचारलंय की मातकटपणा जायला कोणते रंग विकत घ्यावेत, जलरंग सोडून ऑइलकडे वळावं का, आणि प्रेरणा आणायची कुठून.

मी याच शहरात राहते, याच उन्हात रंगवते आणि बरीच वर्षं शिकवतेही आहे. त्यामुळे जे सांगते आहे ते सोलापूरच्या हवेपुरतं खरं आहे असं धरून चला. आंबोलीला बसणाऱ्या माणसाला यातल्या निम्म्या गोष्टी उलट्या सांगाव्या लागतील. शिवाय तुम्ही कागद कोणता वापरता, किती वाजता बसता आणि कोणत्या महिन्यात गेला होतात, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. तरी तुमच्या वर्णनावरून माझं मत असं झालंय की नवे रंग घेऊन तुमची अडचण सुटणार नाही. ती टोनची आहे. कोणता रंग आहे हे बाजूला ठेवून एखादी जागा किती उजळ आणि किती गडद आहे, एवढंच बघणं म्हणजे टोन बघणं.

फोटोवरून कोकण का जमतं ते आधी बघू. माडांची गर्द रांग, तिच्यामागे उजळ आकाश, पुढे चमकणारं पाणी. गडद आणि उजळ यांची मांडणी तिथे आयती आहे, आणि फोटो काढणाऱ्याने ती आणखी नीट चौकटीत बसवलेली आहे. तुमचा हिरवा थोडा चुकला तरी चित्र उभं राहतं, कारण सांगाडा पक्का आहे. आता सकाळी अकरा वाजता नान्नजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे राहा. वाळलेलं गवत, मुरूम, धुळीने पांढुरकं झालेलं आकाश, राखाडी झाक असलेली बाभूळ. रंग वेगवेगळे असले तरी सगळ्यांचा टोन मधलाच, एकमेकाला चिकटलेला. तुम्ही प्रामाणिकपणे जे दिसतं ते रंगवता, आणि ते सगळं मधल्या टोनमध्ये उतरतं. बघणारा त्यालाच मातकट म्हणतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिले काही आठवडे रंग उघडूच देत नाही. वही, मऊ पेन्सिल, आणि काडेपेटीएवढे चौकोन. डोळे किलकिले करायचे, इतके की तपशील पुसट होऊन फक्त ठिगळं दिसतील, आणि त्या चौकोनात फक्त तीन टोन ठेवायचे: कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. चौथा टोन काढायचा नाही. एका जागेवरून चार-पाच चौकोन काढा, प्रत्येकात वेगळा निर्णय घ्या. एकात बाभूळ आणि तिची सावली मिळून एकच गडद आकार, बाकी सगळं उजळ. दुसऱ्यात आकाश मधलं आणि गवत पांढरं. तिसऱ्यात पुढची नांगरट गडद करून मागचं सगळं सोडून दिलेलं. जागा तीच, पण चित्रं तीन वेगळी झालेली असतात. निसर्ग हुबेहूब उतरवायला आपण तिथे बसत नाही. त्यातून काय घ्यायचं ते ठरवायला बसतो, आणि ते ठरवायची जागा हा चौकोन आहे. शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा, पण आधी चौकोन काढा आणि मग ताडून पाहा. उलट क्रमाने केलंत तर डोळा शिकत नाही.

याच कामात एक गोष्ट लक्षात येईल, जी कोकणाच्या फोटोत सापडत नाही. आकाश नेहमी जमिनीपेक्षा उजळ असतं असं आपण शाळेपासून धरून चालतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतही आपण तेच गिरवलेलं असतं. माळावर हिवाळ्यात ते बऱ्याचदा खोटं ठरतं. जानेवारीत कुसळी गवत वाळून फिकट सोनेरी होतं आणि तिरपं ऊन त्यावर पडलं की ते डोक्यावरच्या निळ्या आकाशापेक्षा स्पष्टपणे उजळ दिसतं. क्षितिजाशी आकाश फिकट होत जातं, गवताच्या टोनला येऊन मिळतं, आणि मधली रेघ काही ठिकाणी अक्षरशः नाहीशी होते. ती रेघ तुम्ही सलग, टोकदार ओढलीत की माळ मेला. जिथे दिसत नाही तिथे दोन्ही वॉश एकमेकांत मिसळू द्या, जिथे एखादं झाड किंवा बांध आडवा येतो तिथेच कड पक्की करा. (नान्नजचा भाग माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालेला आहे. आत शिरून बसू नका. रस्त्याच्या कडेवरून जेवढं दिसतं तेवढं एका आयुष्याला पुरतं.)

आता वेळ. सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. त्या वेळी उभ्या खांबाला सावलीच नसते, झाडाची सावली झाडाखालीच गोळा होते, घराच्या भिंतींना उजेडाची बाजू आणि अंधाराची बाजू राहत नाही. आकार दाखवणारी गोष्टच निघून गेली तर चित्रकार काय दाखवणार? डिसेंबरच्या शेवटी मात्र सूर्य भर मध्यान्हीही ४९ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे माणसाची सावली तेव्हाही त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहून लांब असते. दिवसभर कुठल्याही वेळी बसलात तरी झाडाला गोलाई मिळते, ढेकळांना उठाव मिळतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सुगीचे दिवस. मार्चनंतर सूर्य उगवल्यापासून दोन-अडीच तास, आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत घरी बसून सकाळच्या चौकोनांवर काम करा. तुम्ही सुटीच्या दिवशी सगळं आवरून अकराला पोहोचत असाल, तर तुमच्या मातकटपणाचा मोठा भाग तिथेच आहे.

रंगांकडे येऊ. तुमच्या पेटीत बहुधा सॅप ग्रीन, काळा आणि पांढरा असणार. ते तिन्ही सध्या बाजूला ठेवा. यलो ऑकर (मातकट पिवळा), गॅम्बोज (स्वच्छ पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाइट रेड (विटकरी), अलिझरिन क्रिमसन (थंड लाल), अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट (दोन्ही निळे), एवढ्या सात ट्यूबांत सोलापूर जिल्हा रंगवून होतो. कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या घेतल्या तरी चालतील, फक्त विद्यार्थी दर्जाच्या नकोत. त्यात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, मग मिश्रण दुधाळ होतं.

काळी जमीन काळी नसते. उन्हाळ्यात नांगरून पडलेलं ढेकूळ हातात घेऊन बघा: राखाडी, थोडी तपकिरी, आणि जी बाजू आकाशाकडे आहे तिच्यावर फिकट निळसर छटा. पहिल्या पावसानंतर तीच जमीन एकदम खोल, जवळजवळ कोळशासारखी होते, कारण ओली माती उजेड कमी परत पाठवते. दोन्हींसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पुरतात. सिएना जास्त घातलं तर उबदार, अल्ट्रामरीन जास्त तर थंड, पाणी कमी केलं तर हवा तेवढा गडद. हे दोन रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका. अर्धवट मिसळून कागदावर सोडा आणि तिथेच त्यांना एकमेकांत जाऊ द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि तो दाणेदारपणा मातीचं अर्धं काम करून टाकतो. ट्यूबमधला काळा त्या जागी भोक पाडल्यासारखा दिसतो.

हिरव्याचंही तसंच. बाभळीचा हिरवा हा ऑकर, अल्ट्रामरीन आणि नखभर लाइट रेड. उभ्या ज्वारीच्या पानावर पांढुरकी झाक असते, ती निळसर दिसते, तिथे कोबाल्ट आणि थोडा गॅम्बोज. कडुनिंबाला चैत्रात जी कोवळी पालवी येते तिच्यात तांबूस आहे, ती रंगवताना आधी फिकट सिएनाचा हात द्या आणि ओलं असतानाच हिरवा सोडा. तयार सॅप ग्रीन यातलं काहीच नाही.

मिश्रण मळण्याची कारणं तशी साधी आहेत. चार-पाच रंग एकत्र घोटले जातात, धुतलेल्या ब्रशचं घाण पाणी परत रंगात जातं, किंवा अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश घासला जातो. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक धुवायला आणि एक रंग कालवायला. बाहेर जाताना पिण्याचं वेगळं आणि रंगाचं वेगळं, दोन्ही भरपूर न्या. उन्हाळ्यात रंगाचं पाणी मी पिण्याच्या पाण्यापेक्षा जास्त नेते. आणि एक कारण असं आहे जे पॅलेटवर सापडत नाही. राखाडी रंग शेजारी एखादा स्वच्छ रंग नसेल तरच मळकट वाटतो. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात करडई फुललेली असते, तिचा नारिंगी-पिवळा एक ठिपका ठेवा. किंवा खुरपणीला वाकलेल्या बाईच्या लुगड्याचा लाल. किंवा नुसता कोरा कागद, देवळाच्या चुन्याच्या भिंतीसाठी राखलेला. आजूबाजूचे सगळे करडे रंग त्या एका ठिपक्यामुळे मोत्यासारखे दिसायला लागतात.

सावलीवर थोडं थांबते, कारण या भागात चित्राचा प्राण सावलीत असतो आणि लोक ती सगळ्यात शेवटी, एकाच जांभळ्या वॉशने उरकतात. सकाळी आठला एखाद्या कडुनिंबाच्या सावलीशेजारी बसा आणि नुसती तिची कड बघा. खोडाच्या बुंध्याशी कड सुरीने कापल्यासारखी असते. जसजशी सावली वर जाऊन फांद्यांच्या सावलीत मिळते तसतशी ती पसरट होते. सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला तो अर्ध्या अंशाची तबकडी म्हणून दिसतो, म्हणून असं होतं. सावली टाकणारी गोष्ट सावली पडलेल्या जागेपासून जितकी दूर, तितकी कड मऊ: एक मीटर अंतराला साधारण एक सेंटीमीटर. पाच मीटरवरच्या फांदीची कड पाच सेंटीमीटर विरघळलेली असणार. म्हणून बुंध्याशी कोरड्या कागदावर पक्की कड ठेवा, आणि पुढे ब्रशभर स्वच्छ पाणी लावून ती सुटू द्या. एवढं केलं तरी झाड जमिनीत रोवलेलं दिसतं.

त्याच सावलीत उन्हाचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असल्या तरी जमिनीवरचे बारीक कवडसे गोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा आहे. सकाळी ऊन तिरपं असल्यामुळे ते लांबट होतात, सगळे एकाच दिशेला. विद्यार्थी तिथे पांढरे तुकडे आणि त्रिकोण सोडतात, आणि मग डोळ्याला काहीतरी खटकतं पण काय ते कळत नाही. थोडेच ठेवा, लांबट ठेवा, एका दिशेने ठेवा.

आणि सावलीचा रंग. पुस्तकात सावली निळसर असते, कारण तिथे थेट ऊन पोहोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पोहोचतो. बरोबर आहे, पण आकाश निळं असेल तर. ऑक्टोबरात पावसाने हवा धुतलेली असते, तेव्हा आपल्याकडच्या सावल्या खरंच निळ्या-जांभळ्या असतात. एप्रिल-मेमध्ये धुळीने आकाश पांढुरकं होतं, वर मुरमाची तापलेली जमीन आपला तांबूस उजेड सावलीत फेकत असते. त्या सावलीत निळा शोधून सापडत नाही. ती तपकिरी-जांभळी असते, लाइट रेडमध्ये थोडं अल्ट्रामरीन. दूरच्या टेकाडांचंही हेच. लांबचं सगळं निळं करायचं हा नियम पावसाळ्यानंतर चालतो. उन्हाळ्यात आपल्याकडे लांबचं फिकट पिवळट होत जातं. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाच्या मागे एक आजोबा काठी टेकून बराच वेळ उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आभाळ लई निळं केलंय की पोरा. सकाळधरनं वारं सुटलंय, वर समदी धूळच हाय." त्यांनी कधी ब्रश धरला नसेल, पण आयुष्यभर आभाळ बघून पेरण्या केल्या आहेत. शेतात बसण्याआधी मालकाला विचारा, काय करताय ते सांगा, आणि ते जे बोलतात ते मन लावून ऐका.

इथपर्यंतचं पुन्हा एकदा: आधी तीन टोनचा चौकोन, मग योग्य वेळ, मग थोडे रंग आणि स्वच्छ पाणी. आता वॉश वाळण्याचं बघू.

यात कागदाचा वाटा मोठा आहे. पातळ ड्रॉइंग पेपरवर एप्रिलमध्ये कोणीही वॉश सांभाळू शकत नाही, मीही नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शक्यतो पूर्ण कापसाचा, कोल्ड-प्रेस (थोडा खरखरीत) कागद घ्या. महाग आहे, म्हणून लहान घ्या. २२ बाय ३० इंचाच्या पूर्ण तावाचे चार तुकडे करा, ११ बाय १५ चा एक. उन्हाळ्यात त्याचेही दोन करा. कागद लहान असेल तर वॉश वाळायच्या आत दुसऱ्या टोकाला पोहोचतो.

निघण्याआधी किंवा जागेवर बसल्या-बसल्या कागद दोन्ही बाजूंनी ओला करा, पुन्हा पुन्हा, त्याने पाणी पिणं थांबवेपर्यंत. मग तो अॅक्रिलिकच्या किंवा लॅमिनेट लावलेल्या पाटावर चिकटवा. तो आपोआप बसतो. खालून ओला असल्यामुळे वरचा वॉश कितीतरी जास्त वेळ जिवंत राहतो. मागे ओल्या पंच्याची घडी ठेवली तर आणखी. वॉशचे रंग आधीच भरपूर कालवून ठेवा. आकाश अर्ध्यावर आल्यावर पुन्हा रंग कालवायला गेलात की तिथे रेघ पडलीच. ब्रश वाटतो त्यापेक्षा मोठा घ्या, दीड इंची फ्लॅट (चपटा) किंवा चांगला मोप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश). बारीक फवाऱ्याची बाटली जवळ असू द्या, पण फवारा वॉश ओला असतानाच मारायचा. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग उठतात. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकून वाळणं लांबवता येतं. एखादाच थेंब पण. जास्त झालं तर कागद चिकट राहतो आणि त्यावर दुसरा थर बसत नाही.

कागद उन्हात ठेवू नका. वाळण्याचा प्रश्न आहेच, पण दुसरं कारण मोठं आहे: उन्हात कागद इतका झगझगतो की तुम्ही सगळे टोन गरजेपेक्षा गडद लावता, आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र काळवंडलेलं दिसतं. तुम्हाला घरी आल्यावर येणाऱ्या निराशेत याचाही हात असू शकतो. सावलीत बसा. छत्री वापरत असाल तर पांढरी किंवा काळी. रंगीत छत्री कागदावर आपला रंग सांडते आणि तुम्ही तो भरून काढायला भलतंच मिश्रण करता.

एवढं करूनही मे महिन्यात कोकणातल्यासारखा ओल्यावर ओला वॉश मिळणार नाही, आणि मला तो हवासाही वाटत नाही. आपल्या कोरड्या हवेने एक देणगी दिली आहे, ड्राय ब्रश. ब्रशमध्ये रंग दाट, पाणी कमी, आणि खरखरीत कागदावरून आडवा, भरभर ओढलेला हात. कागदाचे उंचवटे रंग घेतात, खाचा पांढऱ्या राहतात. वाळलेलं गवत, मुरमाचा रस्ता, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाचा खडबडीत दगड, हे सगळं त्या एका हातात येतं. पावसाळी हवेत यासाठी थांबावं लागतं. आपल्याला थांबावं लागत नाही.

ऑइलबद्दल. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून वाळत नाही, हवेतल्या प्राणवायूशी क्रिया होऊन घट्ट होतो, त्यामुळे मिनिटामिनिटाची धावपळ तिथे नाही, हे खरं. पण माळावर दुपारी वारं सुटतं आणि सगळी धूळ ओल्या कॅनव्हासवर येऊन बसते. ओला कॅनव्हास दुचाकीवरून घरी आणणं हा आणखी एक उपद्व्याप. शिवाय टोनची अडचण ऑइलमध्ये जशीच्या तशी राहते, फक्त दुरुस्त करायची सोय मिळते, आणि ती सवय लवकर सुटत नाही. मी तुमच्या जागी असते तर निदान एक हिवाळा जलरंगातच काढला असता. अॅक्रिलिकचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या की उन्हाळ्यात ते जलरंगापेक्षाही आधी दगा देतं, आणि वाळल्यावर पाण्याने सुटतही नाही.

आता प्रेरणा. या शब्दाखाली लोक बहुधा नवं ठिकाण शोधत असतात. माझा अनुभव उलटा आहे. एकच जागा धरा आणि तिथेच जात राहा. कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीला घराशेजारच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी रंगवल्या, एका मागोमाग पंचवीसेक चित्रं, उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बदलून दुसरा घेत. आपल्याकडे ज्वारी निघाली की गावोगाव कडब्याच्या बनीम उभ्या राहतात. संध्याकाळी साडेपाचला त्या कडब्याची उन्हाकडची बाजू जवळजवळ पांढरी असते आणि सावलीची बाजू गर्द जांभळट. तीन टोनचा चौकोन शिकायला याहून सोपा विषय मला माहीत नाही, आणि तो फुकट आहे.

माझी जागा हिप्परगा तलावाच्या काठावर आहे, बांधापासून थोडं बाजूला, जिथे दोन बाभळी पाण्याकडे झुकल्या आहेत. जूनमध्ये तिथे जमीन गडद आणि आकाश त्याहून गडद असतं, मधे फक्त पाण्याची एक उजळ पट्टी. ऑक्टोबरात तलाव भरलेला असेल तर बाभळींचं प्रतिबिंब मिळतं. प्रतिबिंब मूळ वस्तूसारखंच रंगवू नका. पाण्यात उजळ गोष्टी जरा गडद दिसतात आणि गडद गोष्टी जरा उजळ, म्हणून दोन्ही एकमेकांजवळ आणा. जानेवारीत सकाळी पाण्यावर पातळ धुकं असतं, तेव्हा मी तिथे फक्त दोन टोन वापरते. मार्चपासून पाणी उतरायला लागतं आणि काठाला गाळाचे पट्टे उघडे पडतात, एकाखाली एक, सुकलेला पांढुरका, मग करडा, मग पाण्याजवळचा ओला गडद. मेमध्ये गाळाला भेगा पडतात. भेगा एकेक करून काढायच्या नाहीत. पायाजवळच्या दोन-चार नीट काढा, लांब गेल्यावर त्या आडव्या आणि बारीक होत जाऊन नुसता पोत उरतो. पाऊस कमी झाला त्या वर्षी यातलं अर्धं बदलतं. जागा तीच असते म्हणूनच तो बदल दिसतो. दर वेळी नवीन ठिकाणी गेलात तर तुमचा सगळा वेळ ओळख करून घेण्यात जातो.

शहरातच राहायचं असेल तर सिद्धेश्वर तलाव आहे. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीचे दिवस सोडून कुठल्याही सकाळी सूर्य उगवताना जा. मधे मंदिर, शेजारी भुईकोट किल्ल्याची भिंत, आणि पाणी. किल्ल्याचा दगड बसाल्टचा, त्याचा रंग काळसर वाटतो, पण सकाळच्या उन्हात त्यात तांबूस आणि हिरवट दोन्ही दिसतात. विजापूर रोडचा कंबर तलावही आहे. सुरुवातीला दोन्हींपैकी घराजवळचा निवडा, म्हणजे ऑफिसच्या आधी तासभर मिळेल.

आकाशासाठी वेगळी वही ठेवा. आपल्याकडे डोंगर नाहीत, त्यामुळे चित्राचा दोन तृतीयांश भाग बऱ्याचदा आकाशच असतं, आणि ते नुसतं निळं भरून चालत नाही. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्लिश चित्रकार १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत होता आणि चित्रामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहीत होता. तसं करा. पोस्टकार्डाएवढा कागद, दहा मिनिटं, मागे तारीख, वेळ, वारा. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग दुपारी तीननंतर उभे चढतात. खाली सपाट गडद बूड, वर उन्हात पेटलेली कड. ते इतक्या भराभर बदलतात की स्मरणावर भिस्त ठेवावी लागते. या सवयीने हातात जे येतं ते मोठ्या चित्रात आपोआप उतरतं.

फोटो अजिबात वापरू नयेत असं मी म्हणत नाही. नोकरी सांभाळून रंगवणाऱ्याला ते शक्यही नाही. फक्त आधी जागेवर चौकोन काढा, शेजारी दोन शब्द लिहा (गवत आकाशापेक्षा उजळ, सावली तांबूस), आणि मग फोटो काढा. घरी रंगवताना चौकोन आणि फोटो यांत फरक पडला तर चौकोनाचं ऐका. कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरं करून टाकतो. तुमच्या डोळ्याने दोन्हींत रंग पाहिलेला असतो.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा चित्राबरोबर तुमचे पेन्सिलचे चौकोनही दाखवा, आणि वेळ, महिना, कागद एवढं लिहा. म्हणजे गडबड मांडणीत होतेय की हातात, ते मला नेमकं सांगता येईल.